शून्य ठोके

शनिवारी दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी ओबरलोहबाखच्या नगराध्यक्षा वाल्बुर्गा अन्झिंगर यांनी उत्सवाच्या बियरचं लाकडी पिंप एकही ठोका न मारता फोडलं. शून्य ठोके. साऱ्या बव्हेरियात आजवर हे कुणाला जमलेलं नाही, आणि पुढेही कुणाला जमू नये अशी प्रार्थना दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये झाली.

पण तसं काही घडलेलं नाही. नगरपालिकेच्या इतिवृत्तात बारा वाजून चार मिनिटांसमोर ‘काही घडले नाही’ असं शाईनं लिहिलेलं आहे, खाली चार सह्या आहेत, आणि सहीशिक्क्यापुढे कुणाचं शहाणपण चालत नाही. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरू, आणि शुक्रवारपासून सुरुवात करू.

शुक्रवारी संध्याकाळी क्विडो सेकिरा नावाचा विद्यार्थी प्लझेनहून निघून, सरहद्द ओलांडून, ओबरलोहबाखच्या स्टेशनात उतरला. पाठीवर एक पिशवी. पिशवीत एक शर्ट, दात घासायचा ब्रश आणि ‘दाबाखालील बंद पात्रे’ या विषयाचं साडेचारशे पानांचं पुस्तक. या विषयात तो दोनदा आपटला होता. तिसरी आणि शेवटची परीक्षा सोमवारी सकाळी नऊ वाजता होती. शनिवार-रविवार अभ्यासाला शांत जागा हवी, म्हणून तो बियरच्या उत्सवाला आला होता.

निघताना आजीनं त्याला बजावलं होतं, “त्यांची बियर दिली तर पी. पण तोंड वाकडं करू नकोस. आपण पाहुणे.” प्लझेन बियरसाठीच प्रसिद्ध; तिथली माणसं बियरच्या बाबतीत जगाकडे दयेनं बघतात.

स्टेशनवर कोर्बिनियान उभा होता. हा नगराध्यक्षबाईंचा मुलगा. गेल्या वर्षी शिकायला म्हणून सहा महिने प्लझेनला राहिला होता, तो क्विडोच्याच खोलीत, कारण तो ट्यूबा नावाचं रुंद तोंडाचं, भलंमोठं पितळी वाद्य वाजवायचा आणि बाकी कुणी त्याला खोलीत घेत नव्हतं. त्यानं क्विडोच्या हातात उत्सवात घालायची एक चामड्याची चड्डी ठेवली. ती घडी होत नव्हती.

“ही लुदविगमामाची. मामा गेला, चड्डी राहिली. उद्या घाल. आणि धुवायची नसते.”

“कधीच?”

“मामानं चाळीस वर्षं घातली. आता मध्येच धुतली तर तिला काय वाटेल?”

घरी अन्झिंगरबाईंच्या एका हातात सूपचा डाव होता आणि दुसऱ्या हातात हातोडा. अंगणात ओंडके ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या पोटात एकेक पितळी तोटी ठोकलेली. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या खांबांतही तोट्या होत्या. शेजारी याबद्दल बोलत नसत.

“ये बाळा, बस,” बाई म्हणाल्या. “सूप गरम आहे. मला आज जरा घाई आहे, उद्या माझी खुर्ची जायची शक्यता आहे.”

प्रकार असा होता. उत्सवाचं पहिलं पिंप नगराध्यक्षानं फोडायचं असतं. पिंपाच्या तोंडात एक लाकडी बूच असतं. त्यावर तोटी धरायची आणि हातोड्यानं ठोकायची. बूच आत जातं, तोटी घट्ट बसते, बियर येते. किती ठोके लागले ते अख्खं गाव मोजतं आणि मरेपर्यंत विसरत नाही. बाईंच्या वडलांनी बावीस वर्षं दोन ठोक्यांत पिंप फोडलं होतं. बाईंना पहिल्या वर्षी सहा लागले, मग आठ, मग नऊ, आणि गेल्या वर्षी सतरा. पहिल्या ठोक्याला टाळ्या पडल्या. पाचव्याला लोक खोकले. अकराव्याला घड्याळं बघू लागले. सतराव्याला बियर आली तेव्हा पाद्रीबुवांचा डोळा लागला होता. स्थानिक वर्तमानपत्रानं प्रत्येक ठोक्याचा वेगळा फोटो छापला.

त्यानंतरच्या सभेत उपाध्यक्ष अलोइस ग्राट्झल यांनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, “बाई, हातोडा जड होतो का?”

बाई उठून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी दोनाच्या वर एक जरी ठोका गेला तर हातोडा तुझा, अलोइस.”

हातोड्यामागे खुर्चीही जाते, असा कुठं लेखी नियम नाही. म्हणूनच तो मोडायची सोय नाही.

“चार वर्षांत मी पूल बांधला,” बाई सूप वाढता वाढता म्हणाल्या. “शाळेचं छप्पर बदललं. नदीचं पाणी गावात शिरायचं ते बंद केलं. आणि लोकांच्या काय लक्षात आहे?”

“सतरा,” कोर्बिनियान म्हणाला.

“तू गप जेव.” मग त्या क्विडोकडे वळल्या. “मला फक्त दोन ठोके हवेत. नऊशे माणसांसमोर. वर्षभर मी दुसरं काही मागितलेलं नाही देवाकडे.”

क्विडोनं मान डोलावली. त्याला बाई आवडल्या. सूपही आवडलं. बियर आली तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं नाही, हेही इथं नोंदवायला हवं.

शनिवारी सकाळी आठ वाजता कोर्बिनियाननं त्याला अग्निशमन दलाच्या मागच्या खोलीत नेलं. खोली थंडगार, भिंती दगडी. मध्ये घडवंचीवर उत्सवाचं पिंप निजलेलं: ओकचं, पन्नास लिटरचं, अंगावर ओलं गोणपाट. गुरुवारपासून ते तिथं विश्रांती घेत होतं.

“मला बँडच्या तालमीला जायचंय,” कोर्बिनियान म्हणाला. “दहापर्यंत तू राख. उंटरलोहबाखवाले येतील चोरायला.”

“पोलिसांना सांगितलंय?”

“पोलीस कशाला? रीत आहे. खालच्या गावानं वरच्या गावाचं पिंप चोरायचं, मग वरच्यानं खंडणी देऊन सोडवायचं. सहा वर्षांपूर्वी नेलं त्यांनी. अजून चिडवतात. पण सोपं आहे रे. ते आले की तू पिंपावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘पिंप इथंच राहणार.’ मग ते टोप्या काढतात आणि जातात.”

“असेच जातात?”

“नियमच आहे.”

“कोर्बी, आमच्याकडे चोराला नियम सांगितला तर तो नियमही घेऊन जातो.”

“लेका, तू फक्त हात ठेव,” असं म्हणून कोर्बिनियान ट्यूबा खांद्याला अडकवून निघून गेला.

पिंप हलवायचं नाही, हे त्यानं सांगितलं नाही. ओबरलोहबाखमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही. आईच्या पोटातून मूल बाहेर येतं ते हे माहीत असूनच येतं.

साडेआठला क्विडोनं खिडकीतून पाहिलं. चढावरून आठ माणसं येत होती. टोप्यांत पिसं, मधोमध एक हातगाडी, आणि लपणं-बिपणं काही नाही. पुढचा मिशाळ गडी चर्चच्या घंटेइतका रुंद होता. क्विडोनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. सतराव्या ठोक्यानंतरचा बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. तो त्यानं पाहिलेला नव्हता, पण आणता आला. एवढी मोठी गोष्ट एका तळहाताच्या भरवशावर सोडणं त्याला पटेना.

त्यानं पिंप घडवंचीवरून उतरवलं, मागच्या दारानं बाहेर काढलं आणि लाटत निघाला.

आधी फरसबंदी गल्ली होती. मग चर्चच्या पायऱ्या. एकतीस. पहिल्या तीन पायऱ्या क्विडोनं पिंपाला उतरवलं, पुढच्या अठ्ठावीस पिंपानं क्विडोला उतरवलं. खाली बेकरी होती. सगळी मंडळी उत्सवाच्या मांडवात गेलेली, आत फक्त भट्टी जळत होती. त्यानं पिंप भट्टीला खेटून उभं केलं, वर पिठाची पोती रचली आणि मागं सरून पाहिलं. इथं कुणी पिंप शोधणार नाही, असं त्याला वाटलं, कारण इथं पिंप ठेवावं असं कुणाच्या डोक्यात येणार नाही. हे अगदी बरोबर होतं.

तो धावत वर आला आणि रिकाम्या घडवंचीवर तळहात ठेवून बसला. तेवढ्यात दार उघडलं. आठ माणसं आत आली. मिशाळ गड्यानं टोपी सारखी केली.

“मी बार्टल, उंटरलोहबाखचा. आम्ही पिंप चोरायला आलोय.”

“पिंप इथंच राहणार,” क्विडो म्हणाला.

आठही जण घडवंचीकडे बघत राहिले.

“कोणतं पिंप?” बार्टलनं विचारलं.

क्विडोनं तळहात जरा घट्ट दाबला. “इथंच राहणार.”

“अरे पण नाहीये ते इथं.”

“ते मी म्हणालो नाही. मी फक्त राहणार म्हणालो.”

बार्टलनं टोपी काढली, मग पुन्हा घातली, कारण अशा वेळी ती काढायची की नाही हे त्याला माहीत नव्हतं. माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. मग तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे आमच्याआधी कुणीतरी नेलं. एकशेचाळीस वर्षं या गावचं पिंप चोरायचं ते आम्हीच. आमच्या हक्काचं पिंप कुणी पळवलं?” त्यानं हातगाडीचा दांडा पकडला. “चला रे. चोर शोधू. लाज आहे की नाही काही लोकांना.”

आणि ती आठ माणसं हातगाडीसकट चोर शोधायला निघून गेली. क्विडोला त्यांची दया आली. मग तो बेकरीत गेला, आणि भट्टीजवळ चाळीस मिनिटं शेकलेलं पिंप एकतीस पायऱ्या चढवून, दोनदा हातातून सोडून, परत घडवंचीवर ठेवलं. वर गोणपाट घातलं.

दहाला कोर्बिनियान आला. “आले होते?”

“आले आणि गेले.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं? हे पांढरं काय लागलंय पिंपाला?”

“दव.”

कोर्बिनियान बव्हेरियाचा असल्यामुळे त्याचा मित्रावर विश्वास बसला.

मिरवणूक अकराला निघाली. चार घोडे, फुलांनी मढवलेली गाडी, गाडीत पिंप, मागं बँड, आणि बँडच्या मागं मेलेल्या मामाच्या चड्डीत क्विडो. रस्त्यात खड्डा आला की पिंप ‘हुंऽ’ म्हणायचं. बँडमुळे कुणाला ऐकू आलं नाही. मांडवाच्या दारात बँड क्षणभर थांबला, तेव्हा क्विडोनं सहज पिंपाला कान लावला. आत कुणीतरी गुणगुणत होतं. लाकूड कोमट होतं.

त्याला दोनदा परीक्षेत आलेला तिसरा प्रश्न आठवला. ‘वायुयुक्त द्रवाने भरलेले बंद पात्र हलवून तापवल्यास काय होते?’ दोन्ही वेळा त्यानं लिहिलं होतं, ‘ते पात्राच्या स्वभावावर अवलंबून आहे.’ दोन्ही वेळा शून्य गुण. आता मात्र खरं उत्तर त्याच्या कानाखाली गुणगुणत होतं.

तो कोर्बिनियानकडे गेला आणि सगळं सांगितलं. कोर्बिनियानच्या तोंडातून ट्यूबा सुटली.

“लाटत नेलंस?”

“हळूहळू.”

“पायऱ्यांवरून?”

“पायऱ्या तेवढ्या हळू नव्हत्या.”

“आणि भट्टीला टेकवलंस.” कोर्बिनियान पांढराफटक पडला. “च्यायला, क्विडो. इथं लहान पोरंसुद्धा त्या पिंपाजवळून चवड्यांवर चालतात.”

“तुझ्या आईला सांगू?”

“आत्ता तिच्या हातात हातोडा आहे.”

तरी क्विडो गेला. मंचाच्या पायरीशी नगरपालिकेच्या कारकून क्रेसेन्झबाई टेबल मांडून बसल्या होत्या. समोर इतिवृत्ताची वही, दौत, आणि टेबलाखाली एक काळी छत्री. तेवीस वर्षं त्या ती छत्री मांडवात आणत होत्या आणि तेवीस वर्षं लोक हसत होते.

“मला नगराध्यक्षबाईंशी बोलायचंय. फार महत्त्वाचं आहे.”

“महत्त्वाचं साडेअकराला होतं,” क्रेसेन्झबाई मान वर न करता म्हणाल्या. “आता बाराला पिंप आहे. तुमचं नाव कार्यक्रमपत्रिकेत आहे का?”

“नाही, पण ते पिंपच—”

“मग ‘इतर विषय’ यात घालते. पिंप झाल्यावर पुकारीन. आडनाव सांगा.”

क्विडोनं आडनाव सांगितलं. वर बाई पितळी तोटी पुसत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, घरच्या माणसाकडे बघून हलवतात तशी. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

बारा वाजले. भाषणं चार मिनिटं चालली. मांडवात नऊशे माणसं होती. वाढणाऱ्या बायका लिटर लिटरचे रिकामे मग हातात घेऊन शेजारच्या बियरच्या पोलादी टाक्यांपाशी ओळीनं उभ्या होत्या. ग्राट्झल पहिल्या रांगेत बसले होते, हातात गुरं मोजायचं बटणाचं यंत्र, अंगठा बटणावर. बाई पुढं आल्या. डाव्या हातानं तोटी बुचावर टेकवली. उजव्या हातानं हातोडा उचलला.

नऊशे माणसांनी श्वास धरला. पिंपाला तेवढं जमलं नाही.

आवाज तोफेसारखा झाला म्हणतात. क्विडोला आवाज आठवत नाही. त्याला तोटी आठवते. ती बाईंच्या हातातून निघाली, पाद्रीबुवांच्या टोपीवरून गेली, मांडवाच्या छताला जाऊन आली आणि कोर्बिनियानच्या ट्यूबेत शिरली. ट्यूबेतून एक सूर निघाला, फार सुंदर. मग बियर आली. ती आधी वर गेली आणि मग सगळीकडे आली. पाद्रीबुवा, ग्राट्झल, बँड, वर्तमानपत्राचा फोटोवाला, पुढच्या सहा रांगा, सगळे नखशिखांत भिजले. क्रेसेन्झबाई छत्रीखाली कोरड्या बसून वेळ लिहीत होत्या.

मग फेस खाली बसतानाचा चुरचुर आवाज तेवढा येत होता. बाई हातोडा वर धरून तशाच उभ्या, केसांतून बियर निथळतेय. घोड्यांनीसुद्धा आत वाकून पाहिलं.

ग्राट्झल यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. झटकलं. पुन्हा पाहिलं.

“शून्य,” ते म्हणाले.

बाईंनी हातोडा सावकाश खाली घेतला. “शून्य दोनापेक्षा कमी असतं, अलोइस.”

“शून्य ठोके म्हणजे पिंप फोडलंच नाही, बाई.”

“मग तुझ्या मिशांतून काय गळतंय?”

“मिशांचा प्रश्न नाही. ठोका पडला नाही. नगराध्यक्षानं ठोकल्याशिवाय उत्सव उघडत नाही. उत्सव उघडल्याशिवाय बियर वाढत नाहीत. आणि दुसरं लाकडी पिंप नाही. पिंप फोडता आलं नाही, म्हणजे हातोडा माझा.”

क्विडोला वाटलं होतं की आता लोक हसतील आणि टाक्यांकडे धावतील. कुणी हललं नाही. दहा पावलांवर चार हजार लिटर थंड बियर होती, नऊशे माणसांना तहान होती, सकाळपासून खारट पाव खात होती ती, आणि एकही जण उठला नाही. वाढणाऱ्या बायका मग घेऊन उभ्या त्या उभ्याच. स्फोटानं त्याला धक्का बसला होताच. यानं तो हादरला. प्लझेनमध्ये एव्हाना लोकांनी छताचं कापड पिळून प्यायलं असतं.

“इतर विषय,” क्रेसेन्झबाई छत्री मिटत म्हणाल्या. “श्रीयुत सेकिरा.”

क्विडो मंचावर चढला. चड्डी भिजून आवळली होती, त्यामुळे पावलं लहान पडत होती. समोर बाई. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. अंगणातले सगळे ओंडके होते.

त्याच वेळी मांडवाच्या दारातून बार्टल आणि त्याची सात माणसं घामाघूम होऊन आत आली, टोप्या हातात.

“माफी असावी,” बार्टल म्हणाला. “सकाळी साडेआठला तुमचं पिंप चोरीला गेलंय. आम्ही तीन गावं पालथी घातली. चोर सापडला नाही. आम्हाला तोंड दाखवायला जागा—” आणि मग त्यानं मंचावरचं फुटकं पिंप पाहिलं. “हे कोणाचं?”

“चोर मीच,” क्विडो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. गल्ली, पायऱ्या, भट्टी, परत पायऱ्या. पायऱ्यांचा आकडा आला तेव्हा बायकांनी तोंडावर हात घेतले. भट्टी आली तेव्हा एक म्हातारा उठून बाहेर गेला. पाद्रीबुवा हलक्या आवाजात लॅटिन पुटपुटू लागले.

“पहारेकऱ्यानंच चोरलं,” बार्टल शेवटी म्हणाला. त्यानं टोपी छातीशी धरली. “एकशेचाळीस वर्षांत आम्हाला हे सुचलं नाही.”

क्रेसेन्झबाईंनी वहीच्या मागून पिंपचोरीच्या नियमांचं एक पिवळं पुस्तक काढलं. “कलम चार. चोरलेलं पिंप खंडणी पोचेपर्यंत चोराच्या मालकीचं. खंडणी न घेताच परत आणलं तर काय, ते लिहिलेलं नाही, कारण असं कुणी करत नाही. तेव्हा बारा वाजून चार मिनिटांनी हे पिंप श्रीयुत सेकिरा यांचं होतं. त्यांचं खासगी पिंप फुटलं. गावाच्या पिंपाला अजून हातच लागलेला नाही.”

“मग वहीत काय लिहिणार?” ग्राट्झल यांनी विचारलं.

“काही घडले नाही.”

“मी सही करणार नाही.”

“तोपर्यंत बियर नाही,” क्रेसेन्झबाई म्हणाल्या.

नऊशे माणसांनी ग्राट्झल यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सही केली. मग बाईंनी, क्रेसेन्झबाईंनी, आणि साक्षीदार म्हणून बार्टलनं.

“पुढच्या शनिवारच्या आमच्या उत्सवाचं पिंप तयार आहे,” बार्टल म्हणाला. “ते आणतो. चोर आमच्याहून सरस निघाला, निदान पिंप तरी आमचं असू दे. हातगाडी रिकामीच आहे.”

ते गेले आणि आले. पिंप असं आणलं की आठ माणसांत एकाचीही टोपी हलली नाही. तासभर गाडी मुंगीच्या पावलानं चालली आणि तासभर मांडवात कुणी मोठ्यानं श्वासही घेतला नाही. कोर्बिनियाननं ट्यूबा उलटी करून तोटी काढली आणि आईला दिली.

“आई, दोन,” तो म्हणाला.

“माहीतंय.”

बाईंनी तोटी बुचावर टेकवली. हातोडा उचलला. पण त्या पिंपाकडे बघत नव्हत्या. त्यांनी क्विडोकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत, पापणी न लववता. काल वाढलेलं सूप, गोणपाट, पिठाचं दव, एकतीस गुणिले दोन पायऱ्या, सगळं त्या नजरेत होतं. क्विडो अर्धं पाऊल मागं सरला. हातोडा आला.

एक.

तोटी बुडापर्यंत गेली. बियरचा एक थेंब सांडला नाही.

ग्राट्झल यांनी बटण दाबलं. यंत्र बियरनं भरलं होतं. काटा शून्यावरून हलेना. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. नऊशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. अखेर त्यांनी यंत्र खिशात ठेवलं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाले, “एक.”

मग मांडव जो उसळला, त्यात बाईंना खांद्यावर घेतलं गेलं, हातोड्यासकट. वरून त्यांनी क्विडोला हाक मारली.

“बाळा.”

“बाई, मी खरंच—”

“बापापेक्षा एक कमी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही ये. समोर उभा राहा. पिंपाला मात्र हात लावलास तर याच हातोड्यानं तंगडी मोडीन.”

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. क्विडोनं पिशवी उचलली, रविवारच्या गाडीची वेळ पाहिली, तेवढ्यात क्रेसेन्झबाईंनी त्याच्या खांद्यावर छत्रीचं टोक ठेवलं.

“कलम पाच,” त्या म्हणाल्या. “खंडणी. एक अख्खं भाजलेलं डुक्कर आणि दोन टोपल्या बटाट्याचे गोळे. चोरांनी गावातच बसून खायचं. शेवटचा घास संपेपर्यंत चोरानं गाव सोडायचं नाही.”

“पण हे आठ जणांसाठी असतं ना?”

“चोरांसाठी असतं. तुम्ही कितीजण होतात?”

क्विडोनं बार्टलकडे पाहिलं. बार्टलनं टोपी काढली आणि नियमाप्रमाणे मागं सरला.

सोमवारी सकाळी, परीक्षेच्या वेळेला, क्विडो डुकराच्या डाव्या खांद्यापर्यंत पोचला होता. चड्डी अजून निघत नव्हती. कोर्बिनियान शेजारी बसून त्याला धीर यावा म्हणून ट्यूबा वाजवत होता. क्विडोनं ताट जरा बाजूला सारलं, क्रेसेन्झबाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं:

“प्रति, मा. परीक्षा प्रमुख, यंत्र अभियांत्रिकी विभाग, प्लझेन.

विषय: ‘दाबाखालील बंद पात्रे’, तिसरा आणि अंतिम प्रयत्न.

महोदय, मी खाली सही करणार क्विडो सेकिरा, द्वितीय वर्ष, सध्या मु. पो. ओबरलोहबाख येथे खंडणी खात असल्याने आजच्या परीक्षेस हजर राहू शकलो नाही. तथापि प्रश्न क्रमांक तीनचे प्रात्यक्षिक मी शनिवारी नऊशे साक्षीदारांसमोर पूर्ण केले असून उत्तर आता मला पक्के ठाऊक आहे. तरी सदर प्रात्यक्षिक ग्राह्य धरून मला उत्तीर्ण करावे; ते शक्य नसल्यास परीक्षा डुक्कर संपेपर्यंत पुढे ढकलावी, ही नम्र विनंती.

सोबत पुरावा जोडला आहे: सदर घटना घडलीच नसल्याचा नगरपालिकेचा दाखला, चार सह्यांसह, मूळ प्रत. काम झाल्यावर ती परत पाठवावी.”